तीन मिनिटांची साक्ष

आमच्या घरात देवाचं आणि औषधाचं कधी भांडण झालं नाही, कारण दोघांनाही आईच्या शिस्तीत राहावं लागायचं. आई शिरूरला मिशनच्या दवाखान्यात नर्स होती आणि दवाखान्यामागच्या चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या. संध्याकाळी त्या खोल्यांमध्ये आवाजांची एक ठरलेली रांग लागायची. आधी आईच्या भाकरी थापण्याचा आवाज, मग पप्पांची पेटी. पप्पा शाळेत गणित शिकवायचे आणि देवळात पेटी वाजवायचे. चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो, अजूनही म्हणतो. घरी सरावासाठी जी जुनी पेटी होती तिच्या भात्याला भोक होतं, त्यामुळे आमच्याकडचं प्रत्येक उपासनागीत दमा झाल्यासारखं मध्येच श्वास घ्यायचं. देवळात चांगल्या पेटीवर तीच गीतं ऐकताना मला काहीतरी चुकतंय असं वाटायचं. शुक्रवारी सुकट, रविवारी मटण. रविवारी आई पहाटेच रस्सा चुलीवर ठेवून उपासनेला यायची, आणि उपदेश लांबला की तिच्या चेहऱ्यावर जी आध्यात्मिक तळमळ दिसायची ती त्या रश्श्याची असे.

मला चौदाव्या वर्षी फिट यायला लागल्या. पहिली आली तीसुद्धा देवळात, ऐन उपदेशात. काहींना वाटलं आत्मा उतरला, काहींना वाटलं दुसरंच काहीतरी चढलं. पाळकसाहेब दोन्ही हात वर करून थांबले. तेवढ्यात आई तिसऱ्या बाकावरून उठली, मला कुशीवर वळवलं, मानेजवळचं बटण काढलं, माझ्या डोक्याखाली आपली पर्स सरकवली आणि पाळकसाहेबांना म्हणाली, "तुम्ही चालू ठेवा." त्यांनी चालू ठेवलं. शिरूरच्या मंडळीत आईचा शब्द असा होता.

त्यानंतर चार वर्षं मी रोज एक गोळी घेतली. बारीक, पांढरी आणि कडू. जेवण झालं की आई ती बशीत घालून आणायची, डोळे मिटायची आणि गोळीवर प्रार्थना करायची, जशी आपण जेवणावर करतो. "प्रभू, ही तू दिलीस. ती लागू पडू दे. आणि ही चुकवायची बुद्धी हिला होऊ देऊ नकोस." शेवटचं वाक्य देवापेक्षा मला उद्देशून असे. गोळी कधीही एकदम बंद करायची नाही, हे तर मला दहा आज्ञांच्या पुढची अकरावी आज्ञा वाटायचं. पाहुणे आले, परीक्षा आली, ताप आला, गोळी नाही चुकली. अठराव्या वर्षी डॉक्टरांनी ती हळूहळू कमी करत थांबवली आणि मला पुन्हा कधी फिट आली नाही.

विसाव्या वर्षापर्यंत माझं आणखीही एक थांबत आलं होतं. गावातल्या वाचनालयातलं हाताला लागेल ते वाचून मी शहाणी झाले होते. देवळात जायची, गायची, कारण बायकांच्या खालच्या सुरात एकटी मीच होते आणि मी गेले नाही तर पप्पांची पंचाईत व्हायची. पण गीत संपल्यावर डोळे मिटून जे करायचं असतं ते मला येईनासं झालं होतं. मी डोळे मिटून उपदेशातल्या चुका मोजायची. त्या पुष्कळ असायच्या.

अशात शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतल्या मंडळ्यांनी मिळून ठरवलं की दरवर्षी दोन तरुणांना वर्षभर सुवार्ता-सेवेचं, म्हणजे गावोगाव ख्रिस्ताचा संदेश सांगत फिरण्याचं, प्रशिक्षण द्यायचं आणि मग सातपुड्याच्या डोंगरात सेवेला पाठवायचं. मी नाव दिलं. का दिलं हे मी तेव्हा अर्जात एक पान भरून लिहिलं, त्यातलं खरं असं एकच होतं की मला शिरूरबाहेर जायचं होतं. डी.एड.ला नंबर लागला नव्हता आणि स्थळं यायला लागली होती. पण आज वाटतं, आणखीही एक कारण होतं, ते मला लिहिता आलं नसतं. बटण दाबलं की दिवा लागत नाही म्हणून माणूस दुसऱ्या खोलीतलं बटण दाबून बघतो, तसं काहीसं. इथे नाही तर डोंगरात लागेल. पप्पांनी अर्ज वाचला, शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या आणि विचारलं, "तुझा विश्वास आहे ना?" मी म्हटलं, "बघू." ते म्हणाले, "अर्जात तसं लिहू नकोस."

निवडीच्या अटी दोन होत्या. उमेदवाराने शिरूर ते दौंड पायी यायचं, चार दिवस, कुठल्याही वाहनाला पाय न लावता; आणि पाचव्या दिवशी, रविवारी, दौंडच्या मेळाव्यात समितीपुढे आपली साक्ष द्यायची. साक्ष म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगणं. या चालण्याला काय म्हणायचं यावर समितीच्या तीन बैठका झाल्या. यात्रा म्हटलं तर आपण प्रोटेस्टंट, आपल्यात यात्रा नसते. मोर्चा म्हटलं तर पोलिसांची परवानगी लागते. शेवटी 'सुवार्ता पदयात्रा' असा मार्ग निघाला, म्हणजे यात्रा झालीच, पण पायांवर ढकलून.

पदयात्रेचे प्रमुख होते शमशोनमामा. बायबलमधला शमशोन सिंहाचा जबडा फाडतो. आमचे मामा वाऱ्याच्या दिवशी टोपी धरून चालायचे. दौंड जंक्शनवर पस्तीस वर्षं मालगाडीचे गार्ड म्हणून काढून निवृत्त झालेले. नोकरी संपली तरी शिट्टी, घड्याळ आणि वही त्यांच्यापाशीच राहिली होती. त्यांचं म्हणणं, देव वेळेवर चालतो, माणसं लेट होतात. पदयात्रेआधी महिनाभर त्यांनी शिरूरला येऊन आमची साक्षीची तयारी घेतली. देवळाच्या ओसरीत आम्ही सहा उमेदवार आणि समोर खुर्चीवर मामा, गळ्यात शिट्टी. साक्ष तीन मिनिटांची. एक मिनिट आधी मी कसा होतो, एक मिनिट प्रभू कसा भेटला, एक मिनिट नंतर काय झालं. तिसरं मिनिट संपलं की शिट्टी.

पहिल्या मिनिटाची सगळ्यांनाच अडचण होती. आम्ही सगळी मास्तर-नर्सांची पोरं. सांगण्यासारखं पाप कोणाकडेच नव्हतं. एकाने चौथीत खडू चोरला होता, त्यावर त्याने दीड मिनिट काढलं. फक्त दौंडचा प्रकाश नशीबवान. तो खरोखर पत्ते खेळलेला, दारू प्यालेला, एकदा रेल्वेच्या रुळांवर झोपलेला. त्याच्याकडे आम्ही अशा असूयेने बघायचो की तेच एक पाप सांगता आलं असतं.

माझ्याकडे पाप नसलं तरी आजार होता. मी पहिल्यांदा साक्ष दिली ती सात मिनिटं चालली. देवळातली फिट, आईची पर्स, पुण्याचे डॉक्टर, चार वर्षं गोळी, गोळीवरची प्रार्थना, मग बरं होणं. मामांनी घड्याळ बघितलं.

"बेटा, ही पॅसेंजर झाली. सगळ्या स्टेशनांवर थांबते," ते म्हणाले. "आपल्याला एक्स्प्रेस पाहिजे."

"मग काय काढू?"

"पर्स काढ. पुण्याचे डॉक्टर काढ. फिट आली हे एक स्टेशन, मंडळीने प्रार्थना केली हे दुसरं, पुन्हा कधी आली नाही हे तिसरं. मधे कशाला थांबायचं?"

"आणि गोळ्या?"

"गोळ्यांना चार वर्षं लागतात. तुझ्याकडे तीन मिनिटं आहेत."

त्यांच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. त्यांना गाडी वेळेत पोचवायची होती. मला खटकलं का? खटकलं. पण कापल्यावर साक्ष कशी झाली होती हे मला दिसत होतं. वाचनालयातलं अर्धं कपाट वाचलेल्या मुलीला चांगला मजकूर कळतो. फिट, प्रार्थना, आणि पुन्हा कधीच नाही. एकही वाक्य खोटं नव्हतं. मी ती आरशासमोर पाठ केली. घरात, आई ड्यूटीवर असताना.

बुधवारी सकाळी सहाला निघायचं होतं. आधी पाळकसाहेबांचं भाषण, मग त्यांच्या स्वागताचं भाषण, मग हार. हार घालून घेणाऱ्यांपैकी एकही जण चालणार नव्हता आणि चालणाऱ्यांपैकी एकाही जणाला हार नव्हता. आठ वाजता, ऊन चांगलं तापल्यावर, पदयात्रा निघाली. पुढे फलक, दोन बांबूंवर. न्हावऱ्याच्या रस्त्याला मोकळ्या शेतांवरून असा वारा यायचा की फलक धरणारे दोघे आडवेच चालत होते. रस्त्यावर ऊसतोडीच्या बैलगाड्या, ट्रॅक्टर. माणसं थांबून विचारायची, "कंच्या पक्षाचं?" पहिल्या दिवशी आम्ही नीट समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी नुसतं "कुठल्याच नाही" म्हणायला लागलो, तेव्हा लोकांचा आमच्यावर जास्त विश्वास बसला.

आमच्यात सगळ्यात जोरात चालायच्या त्या विमलमावशी. कवठे येमाईच्या, साठीच्या, आयुष्यभर खेड्यांतून बायबल वाचून दाखवत फिरलेल्या. पायात रबरी स्लीपर, डोक्यावर पदर, पिशवीत बाजरीच्या भाकरी आणि खर्डा. आमच्या नव्या बुटांनी पहिल्याच दिवशी फोड आणले. मावशींनी माझी टाच बघितली आणि म्हणाल्या, "साक्ष पाठ केली व्हय? मंग पाय बी जरा पाठ करायचं व्हतंस." मी गाणी म्हणत चालत होते आणि सारखं स्वतःला विचारत होते, काही होतंय का. काही होत नव्हतं. टाच दुखत होती.

दुसऱ्या दिवशी पारगावजवळ भीमा ओलांडून आम्ही वाट वाकडी करून राहूला गेलो, कारण तिथे दोन ख्रिस्ती घरं होती आणि त्यांनी पिठलं-भाकरी कबूल केली होती. गुऱ्हाळं सुरू होती, सगळ्या गावाला काकवीचा वास. दिवस कलताना एका अंगणात गोणपाटं अंथरली, गाव जमलं, आणि मामांनी एकेकाला उभं केलं. खडूचोराकडे कोणी फार लक्ष दिलं नाही. मग मी उठले. फिट, प्रार्थना, पुन्हा कधीच नाही. कुठे आवाज खाली आणायचा, कुठे थांबायचं, सगळं जिथल्या तिथे. शिट्टी वाजायच्या दोन सेकंद आधी मी बसले आणि अंगण गप्प झालं. मला आनंद झाला, आणि तो कसला हे मला नीट ठाऊक होतं. कविसंमेलनात होतो तो.

अंगणाच्या कडेला एक बाई उभी होती. धनगराची, आता शेती करणारी, हातात हिरव्या बांगड्या, शेजारी बारा-तेरा वर्षांची मुलगी. जमाव पांगल्यावर ती जवळ आली.

"ताई, परत कवाच न्हाई आली?"

"कधीच नाही," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, जसं कोणी बाजारात घ्यायची वस्तू बघतं, आणि मुलीचा हात धरून निघून गेली. मी तिचं नावही विचारलं नाही. मला विमलमावशींकडून साक्षीबद्दल काहीतरी ऐकायचं होतं. मावशी म्हणाल्या, "ग्वाड झाली. लईच ग्वाड झाली," आणि भाकरी मोडायला लागल्या.

शुक्रवारी आम्ही वरवंडला पोचलो आणि शनिवारी सकाळी तिथल्या शाळेच्या आवारात पोहे खात होतो, तेव्हा दुधाच्या टेम्पोतून तीच बाई उतरली. सोबत तीच मुलगी. तिचं नाव शेवंताबाई, मुलीचं मंदा. हे मला आत्ता कळलं, कारण ती सगळ्यांना सांगत माझ्यापर्यंत आली. तिचा चेहरा असा फुलला होता की माझ्या हातातला चमचा तसाच राहिला.

"ताई, हिच्या डोक्यावर जरा हात ठिवा," ती म्हणाली. "हिला बी फिटच्या गोळ्या हाईत, दौंडच्या सरकारी दवाखान्यातल्या. दोन वरीस झालं. तुमचं ऐकलं आन् बंद केल्या. परवा न्हाई दिली, काल बी न्हाई दिली."

"गोळ्या कुठे आहेत?"

"नदीत सोडल्या. घरात ठिवल्या तर म्हातारी दील म्हून."

भीमेत लोक नारळ सोडतात, दिवे सोडतात. त्या नदीत कोणी गोळ्या सोडल्याचं मी तरी तेव्हा पहिल्यांदाच ऐकत होते. माझ्या कानात आईचं वाक्य वाजत होतं, एकदम बंद करायची नाही, एकदम बंद करायची नाही. मी म्हणाले, "शेवंताबाई, मी चार वर्षं गोळी घेतली. रोज. एक दिवस चुकवली नाही. डॉक्टरांनीच मग हळूहळू कमी केली."

ती माझ्याकडे बघत राहिली. मुलगी पोह्यांकडे बघत होती.

"मंग तवा का न्हाई सांगितलं?"

आयुष्यात मला बरेच प्रश्न विचारले गेले. त्यातल्या कुठल्याही प्रश्नाला मी इतकं लाजिरवाणं आणि इतकं खरं उत्तर दिलेलं नाही. मी म्हणाले, "वेळ नव्हता."

शेवंताबाईने मंदाला जवळ ओढलं. मावशींनी मंदाच्या हातात पोह्यांची बशी दिली. शनिवारी दवाखाना दुपारी लवकर बंद होतो हे मला आईमुळे माहीत होतं. पायी दौंड म्हणजे संध्याकाळ. मी चपला घातल्या आणि मामांकडे गेले.

"मी यांना घेऊन जीपने दौंडला जाते."

मामांनी वही छातीशी धरली. "बेटा, मावशींना पाठव. तू वाहनात बसलीस तर मला लिहावं लागेल."

"डॉक्टर विचारतील, कोणाच्या सांगण्यावरून बंद केल्या. तिथे मावशी काय सांगणार?"

"एवढं तीन दिवस चाललीस."

"लिहा मामा," मी म्हणाले. त्यांनी घड्याळ बघितलं आणि खरंच लिहिलं. तारीख, वेळ, 'वरवंड ते दौंड, वाहनाने'. पस्तीस वर्षांची सवय. मला त्यांचा राग आला नाही. सातपुडा मात्र डोळ्यांपुढून गेला, मी कधीच न पाहिलेला सातपुडा, झाडांसकट.

जीपमध्ये माणसं अशी कोंबलेली की पडायला जागा नव्हती, हे पुढे बरंच झालं. पाटसच्या जवळपास मंदाची मान एका बाजूला वळली, हात ताठ झाले आणि फिट आली. ड्रायव्हरने गाडी कडेला घेतली. लगेच सगळ्यांना उपाय सुचायला लागले. एक आजोबा म्हणाले, "चप्पल हुंगवा." दुसरा म्हणाला, "कांदा हाय का कुणाकडं?" एकाने तिच्या दातांत घालायला किल्ली पुढे केली. मी ती ढकलली. मी त्यांना सगळ्यांना खाली उतरवलं, कसं ते आठवत नाही, पण जीप रिकामी झाली होती. मंदाला कुशीवर वळवलं, डोक्याखाली माझी ओढणी दुमडून घातली. शेवंताबाई तिचे पाय धरून बसली होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. फिट थांबायची वाट बघण्याशिवाय त्यात करण्यासारखं काही नसतं. आईने माझ्या वेळी किती वाट बघितली असेल हे तोवर माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

त्या वेळी मी बोलले. मोठ्याने की मनात, माहीत नाही. "माझं तिच्यावर काढू नकोस." एवढंच. ज्याचा पत्ता नाही असं मी मनाशी जवळजवळ ठरवून टाकलं होतं, त्याच्यावर मी चक्क खेकसले होते, घरातल्या माणसावर खेकसावं तसं. गीत नाही, पेटी नाही, डोळेसुद्धा उघडे. मंदाचे हात सैल पडले, तिने मोठा श्वास घेतला आणि झोपल्यासारखी झाली. प्रार्थनेमुळे थांबली असं मी म्हणत नाही. फिट थांबतातच, बहुतेक. पण मी गप्प झाल्यावर ती जागा रिकामी वाटली नाही. वर्षानुवर्षं जिथे मी उपदेशातल्या चुका मोजत बसले होते तिथे कोणीतरी होतं आणि त्याला माझ्याबद्दल सगळं ठाऊक होतं, गोळ्यांसकट. याहून जास्त मला आजही सांगता येत नाही, आणि सांगायला गेले की ते लगेच गोड व्हायला लागतं, म्हणून थांबते.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "गोळी कोणी बंद केली?" शेवंताबाईने माझ्याकडे हनुवटी केली. मी म्हणाले, "माझ्यामुळे झाली." त्यांनी आधी मंदाकडे बघितलं, गोळी सुरू केली, एक दिवस ठेवून घेतलं, आणि मग निवांतपणे मला झाडलं. शेवंताबाई ते सगळं नीट ऐकत होती. झाडून झाल्यावर तिने मला दवाखान्यासमोरच्या गाडीवरचा चहा पाजला. माफ केलं असं काही म्हणाली नाही. म्हणाली, "प्या. तोंड उतरलंय."

रविवारच्या मेळाव्यात व्यासपीठावर मखमली खुर्च्या होत्या. मुंबईहून आलेल्या वक्त्यांचं स्वागत पाऊण तास चाललं. शाल दिली, नारळाऐवजी गुलाबाचं झाड दिलं, ते कुंडीसकट मांडीवर घेऊन ते शेवटपर्यंत बसले. मामांनी माझं नाव पुकारताना नियमाप्रमाणे आधी जाहीर केलं, "या उमेदवार वाहनात बसल्या, म्हणून निवडीतून बाद. पण साक्ष द्यायला वाहनाची अडचण नाही." मी उभी राहिले. सगळी स्टेशनं घेतली. आईची पर्स, पुण्याचे डॉक्टर, चार वर्षं, बशीतली गोळी, त्यावरची प्रार्थना, मग राहूचं अंगण आणि ते मी गाळलेलं, मग नदी, मग जीप. मध्ये शिट्टी वाजली. मी बोलत राहिले. पुन्हा वाजली. बायकांच्या बाजूने विमलमावशींचा आवाज आला, "मामा, ती का गाडी हाय? बोलू द्या की."

मी बसले तेव्हा कोणी आमेन म्हटलं नाही. समितीतले एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले की अशाने लोकांच्या विश्वासावर परिणाम होतो. निवड प्रकाशची आणि खडूचोराची झाली. दोघेही पुढे डोंगरात गेले आणि चांगलं काम केलं, हे सांगायलाच हवं. मांडव मोकळा झाल्यावर मामा माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

"रेल्वेत काही झालं की चौकशी बसते," ते म्हणाले. "पहिला प्रश्न, सिग्नल कोणी दिला? मी दिला होता."

"गाडी मी चालवली, मामा."

"ते पण लिहितात," मामा म्हणाले, आणि टोपी सारखी केली.

सोमवारी मी शिरूरला पोचले तेव्हा आई भाकरी थापत होती. मी उंबऱ्यापाशी बसून सगळं सांगितलं. निवड झाली नाही इथून सुरू केलं आणि गोळ्या गाळल्या इथे आले. जीपमधलं ते एक वाक्य सांगितलं, तेव्हा तिने तव्यावरची भाकरी उलटली. मला वाटलं होतं, रागावेल. किंवा माझं हरवलेलं परत आलं म्हणून जवळ घेईल. तिने विचारलं, "किती मिलिग्रॅमची?" मी सांगितलं. मग म्हणाली, "गोळी परत सुरू करताना त्या बाईला नीट समजावलंस का?"

"डॉक्टरांनी सांगितलं."

"डॉक्टर सांगतात तसं नाही. तिला कळेल असं. पुढच्या रविवारी राहूला जाऊन ये. आत्ता मी शेवंताबाई. सांग मला."

आईने पदर डोक्यावर घेतला. तिचं माहेर कवठ्याकडचं, त्यामुळे तिला सोंग करावं लागलं नाही. मी सांगायला लागले, की गोळी रोज, एकाच वेळी, एकदम बंद करायची नाही. दोन वाक्यं झाली नाहीत तोच तिने अडवलं.

"ताई, पोरीचा उपास आसंल तवा द्यायची का?"

"द्यायची."

"उपाशीपोटी? आन् ताप आला म्हंजी? आन् उलटी झाली तर तीच परत द्यायची का नवी? आन् यष्टी चुकली, गोळ्या संपल्या, तर शेजारच्या म्हातारीच्या झोपंच्या गोळ्या हाईत, त्या चालत्याल का?"

मला दुसऱ्याच प्रश्नाला नीट उत्तर आलं नव्हतं. चार वर्षं मी गोळी गिळली होती, पण विचार सगळा आईने केला होता. आईने पदर खाली घेतला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आणि तुला ते सातपुड्यात पाठवायला निघाले होते."

मग तिने माझं ताट वाढलं, भाकरीवर तूप घातलं, आणि परत पदर डोक्यावर घेऊन चुलीपुढे बसली. मी पहिला घास गिळला आणि पहिल्यापासून सांगायला लागले.